माळ्यावरचा दावीद

भिंत दिसली की माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट दुमडतं आणि पेरानं हलकेच टकटक करतं. अठ्ठावीस वर्षं भित्तिचित्रांच्या जतनाचं काम केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सवय सुटलेली नाही. गिलावा दगडाला धरून असेल तर आवाज ठाम येतो. मागे पोकळी झाली असेल तर पिकलेल्या कलिंगडासारखा. लेकीच्या झुरिकच्या घरी पोचले त्या दिवशी चहा होईपर्यंत तिच्या बैठकीची भिंत वाजवून झाली होती. "आई, ती जिप्समची आहे," ती म्हणाली. म्हणजे सगळीच पोकळ.

म्युष्टायरच्या मठाच्या चर्चमध्येही मी तेच करायला गेले. बोट भिंतीपासून वीतभर लांब असताना मागून कुणीतरी खाकरलं. वळून पाहिलं तर काळ्या झग्यातल्या एक वयस्कर सिस्टर, हातात फुलांची बादली. रागावल्या नव्हत्या, अशी बोटं त्यांनी पुष्कळ पाहिली असावीत. मी हात पाठीशी बांधले, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यावर बांधायचे तसे, आणि पुढचे दोन तास तसेच ठेवले. न वाजवता भिंत पाहायची वेळ माझ्यावर फार वर्षांनी आली.

म्युष्टायर हे स्वित्झर्लंडच्या अगदी पूर्वेच्या टोकाचं गाव. त्याच्या पुढे इटलीची हद्द. झुरिकहून आगगाडी बदलत झेर्नेझला यायचं, तिथून पोस्टाची पिवळी बस. ती राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातून चढत 2149 मीटरवरच्या फुओर्न खिंडीत जाते आणि पलीकडे एकेका वळणाला कर्णा वाजवत उतरते. शेजारी बसलेल्या आजींनी मला "अलेग्रा" म्हणून रामराम केला. इथली भाषा रोमान्श, लॅटिनची डोंगरात राहून गेलेली लेक. गावाचं नावही लॅटिनच. 'मोनास्तेरियुम'चा घाटातल्या गोट्यासारखा झिजून 'म्युष्टायर' झाला. म्हणजे गावाचं नाव नुसतं 'मठ'. वेंगुर्ल्याजवळ मठ नावाचं गाव आहे, तिथं माझ्या मावशीचं सासर. बसमधून उतरताना उगीचच ओळखीचं वाटलं.

गोष्ट अशी सांगतात की 774 साली लोंबार्ड लोकांचं राज्य जिंकून परतताना राजा शार्लमेन इथल्या खिंडीत बर्फाच्या वादळात सापडला, वाचला, आणि नवस फेडायला त्यानं मठ बांधला. नवसाची गोष्ट कुठल्याही देवळाला शोभते. पण या गोष्टीला लाकडाची साक्ष आहे. तुळईच्या वर्तुळांवरून झाड कोणत्या वर्षी तोडलं ते काढता येतं, आणि या चर्चमधल्या लाकडानं 775 हे साल सांगितलं. नवस असेल, नसेल. इटलीकडे जाणारी वाट आपल्या माणसांच्या हाती असावी हेही राजाला नक्की कळत होतं. घाटाच्या तोंडाशी मठ असला की वाटसरूला निवारा मिळतो, राजाच्या निरोप्याला घोडा मिळतो आणि देवाला प्रार्थना मिळते. एका खर्चात तिन्ही.

सुरुवातीला इथे पुरुष साधू होते. 12व्या शतकात मठ बेनेडिक्टच्या नियमानं राहणाऱ्या स्त्रियांकडे आला आणि आजही त्यांच्याकडेच आहे. आता त्या दहाच्या आत उरल्या आहेत. बाराशे वर्षांहून जास्त काळ एकाच जागी एकच काम चालू आहे: दिवसातून ठरलेल्या वेळी एकत्र यायचं आणि स्तोत्रं म्हणायची. शार्लमेनही चर्चमध्येच उभा आहे, चुन्याच्या गचाचा पुतळा, मुकुट घालून. पूर्वेची भिंत तीन ठिकाणी अर्धगोल बाहेर फुगलेली आहे. आतून पाहिलं तर त्या माणसापेक्षा कितीतरी उंच तीन देवळ्या, प्रत्येकीत एक वेदी. मधली बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची, कारण मठ त्याच्या नावाचा. डावी पेत्र आणि पौल यांची, उजवी स्तेफनाची, ज्याला दगडांनी ठेचून मारलं.

मूळची इमारत म्हणजे एक सरळ मोठी खोली. मध्ये खांब नाहीत, वर सपाट लाकडी तक्तपोशी, चार भिंती आणि तीन देवळ्या. 800 सालाच्या आसपास कुणा चित्रकारांनी ती आतून सगळी रंगवली. बाजूच्या भिंतींवर एकाखाली एक पाच ओळी, प्रत्येक ओळ रंगीत पट्ट्यांनी चौकटीत कापलेली. दाराच्या वर, पश्चिमेच्या भिंतीवर, शेवटचा न्याय, म्हणजे बाहेर पडताना माणूस ते बघूनच बाहेर पडणार. आज जे दिसतं ते गेरू, पिवळी माती, राखाडी आणि काजळाचं राज्य आहे. चित्र काढायची रीत अशी: ओल्या गिलाव्यावर रंग टाकला की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत दगड होतो आणि रंगाला आपल्यात कोंडून घेतो. तो रंग जात नाही. पण वाळल्यावर वरून जे बारीक काम करतात, डोळ्यातला ठिपका, कपाळावरचा उजेड, वस्त्राची महाग निळाई, ते आधी गळतं. त्यामुळे म्युष्टायरच्या पुष्कळ चेहऱ्यांना आज नजर नाही. चेहरा आहे, वळलेली मान आहे, बोट दाखवणारा हात आहे, पण बघणं गेलं आहे.

पाचांतल्या सर्वांत वरच्या ओळीत दावीद राजाची गोष्ट होती. 'होती' म्हणते, कारण आता ती तिथे नाही, त्याकडे येतेच. दावीद म्हणजे मेंढपाळाचा पोर, जो राजा झाला. त्याचा लाडका मुलगा अबशालोम बापावर उलटला, लढाईत त्याचे लांब केस झाडाच्या फांदीत अडकले, तो तसाच लटकत असताना दावीदाच्या सेनापतीनं त्याला भाल्यांनी मारला. जिंकलेला बाप दारावरच्या खोलीत जाऊन मुलाच्या नावानं ऊर फुटेस्तोवर रडला. शार्लमेनच्या दरबारातले पंडित त्याला लाडानं दावीदच म्हणायचे. आणि 792 साली शार्लमेनचा थोरला मुलगा, कुबडा पेपिन, बापाविरुद्धच्या कटात सापडला. बापानं त्याला मारलं नाही. केस कापून एका मठात टाकला, तिथेच तो मेला. मग शार्लमेनच्या धाकट्या मुलाचं, लुईचं राज्य आलं, आणि 830 नंतर त्याचेही मुलगे त्याच्यावर उलटले. एवढं सगळं ठाऊक असणारा कुणीतरी म्युष्टायरच्या भिंतीवर अबशालोमची गोष्ट काढा म्हणाला असेल तर तो मोठा धीट माणूस होता, किंवा फार दुःखी.

पण माझ्या मनात तिथे बसल्या बसल्या वेगळाच प्रश्न आला. ही ओळ सगळ्यांत वर, तक्तपोशीला टेकून होती. खालून, पणत्या आणि मेणबत्त्यांच्या उजेडात, ती कुणाला दिसत असणार?

चर्चच्या भिंतीवर चित्रं का काढायची, याचं ठरलेलं उत्तर पोप पहिला ग्रेगरी याचं आहे. इ.स. 600 च्या सुमारास मार्सेच्या बिशपनं आपल्या चर्चमधल्या मूर्ती-चित्रं फोडली, लोक त्यांना पुजायला लागले म्हणून. ग्रेगरीनं त्याला पत्रानं सुनावलं: पुजू दिलं नाहीस ते ठीक, पण फोडायला नको होतं, ज्यांना अक्षर येत नाही ते भिंतीवर वाचतात. हे उत्तर आपल्याला पटकन पटतं. चित्रकथी घेऊन फिरणाऱ्या पिंगुळीच्या ठाकरांचं काम तरी दुसरं काय होतं? पण म्युष्टायरमध्ये हे उत्तर बसत नाही. इथे राहणाऱ्या साधूंना अक्षर येत होतं. स्तोत्रांचं अख्खं पुस्तक त्यांना तोंडपाठ असायचं. आणि वरची ओळ साक्षराला काय, निरक्षराला काय, खालून सारखीच धूसर. ज्याला शिकवायचं त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कुणीही पाटी लावतो. सर्वांत वर जे लावतो ते शिकवण्यासाठी नसतं.

माझा सगळा जन्म 'चित्र दिसलं पाहिजे' या एका वाक्यावर गेला. धूर काढा, मेण काढा, वटवाघळांची घाण काढा, जुनं व्हार्निश काढा. अजिंठ्यात 1920 ते 22 या काळात निजामाच्या सरकारनं इटलीहून चेकोनी आणि ओर्सिनी असे दोन तज्ज्ञ बोलावले, त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा हात दिला. लाख पुढे पिवळी पडली, आणि नंतरच्या पिढ्यांनी कापसाच्या बोळ्यांनी इंच इंच ती उतरवली. म्हणजे दिसावं म्हणून त्यांनी लावलं, आणि दिसावं म्हणून आम्ही काढलं. कुणाच्याच मनात शंका नव्हती की दिसणं हे चित्राचं काम आहे.

शार्लमेनच्या दरबारात मात्र यावर कडाक्याचं भांडण झालं होतं, तेही ही चित्रं काढली गेली त्याच सुमाराला. 787 साली निकाया इथे पूर्वेकडच्या चर्चची परिषद भरली. तिथे बराच काळ पवित्र चित्रं फोडण्याची मोहीम चालली होती. परिषदेनं ती मोडीत काढली आणि ठरवलं की चित्रांना मान द्यावा, मात्र उपासना एका देवाची. ग्रीक भाषेत मान देण्याला एक शब्द आणि उपासनेला दुसरा. परिषदेचा वृत्तान्त लॅटिनमध्ये आला तेव्हा भाषांतरकारानं दोन्हींची खिचडी केली. शार्लमेनच्या फ्रँक लोकांनी वाचलं ते असं की पूर्वेचे लोक चित्राला देवासारखं पुजा म्हणतात. दरबार खवळला. थिओडल्फ नावाच्या विद्वानानं राजाच्या नावानं एक लांबलचक खंडन लिहिलं, आणि 794 साली फ्रँकफुर्टच्या सभेत निषेधही झाला. वाईट भाषांतरावरून दोन साम्राज्यांत धर्मवाद पेटावा, हे वाचून मला सरकारी परिपत्रकांच्या मराठीची आठवण झाली.

पण थिओडल्फचा मुद्दा भाषांतराच्या चुकीपुरता नाही. त्याचं म्हणणं, चित्र पुजूही नये आणि फोडूही नये. ते भिंतीची शोभा आहे, घडून गेलेल्याची आठवण आहे, बास. त्यानं एक दाखला दिला आहे तो मला विसरता येत नाही. समजा, एका माणसापुढे सुंदर बाईची दोन चित्रं आहेत, दोन्हींवर नाव नाही. तो विचारतो, या कोण? चित्रकार सांगतो, एक देवमाता मरिया, दुसरी व्हीनस. कुठली कोणती? मग एकीवर नाव लिहितात आणि ती वेदीवर जाते, दुसरीवर नाव लिहितात आणि ती उकिरड्यावर. रंग तेच, हात तोच, भिंत तीच. पावित्र्य मग कशात होतं? चार अक्षरांत? दगडाला शेंदूर फासला की म्हसोबा होतो, असं आपल्याकडचे सुधारक हसून म्हणत आले. थिओडल्फ अकराशे वर्षं आधी तेच म्हणत होता, फक्त तो हसत नव्हता.

ग्रंथ पूर्ण होत आला आणि कळलं की खुद्द पोप निकायाच्या बाजूचा आहे. ग्रंथ फडताळात गेला तो 1549 मध्ये छापून बाहेर आला. थिओडल्फनं स्वतःसाठी फ्रान्समध्ये जेर्मिनी इथे एक छोटं प्रार्थनाघर बांधलं, त्याच्या देवळीत काचेच्या तुकड्यांचं चित्र केलं. त्यात ना ख्रिस्त, ना मरिया. जुन्या करारातला कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी, तिच्या बाजूंना देवदूत, आणि ढगातून आलेला एक हात. पुढे कधीतरी त्यावर चुना बसला. 19व्या शतकात गावातली पोरं रंगीत काचेचे चौकोनी खडे घेऊन खेळताना दिसली, तेव्हा चुन्यामागे काहीतरी आहे हे ध्यानात आलं, असं सांगतात.

चुना फार दयाळू पदार्थ आहे. वाचणाऱ्याला वाटेल, चित्रावर चुना फासला म्हणजे चित्र मारलं. आमच्या धंद्यात उलटं. वारा, धूर, पोरांचे खिळे, भक्तांचे तेलकट हात या सगळ्यांतून चित्राला वाचवणारं चुन्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

म्युष्टायरलाही चित्रं मारणारा चुना नव्हता, टाचा होता. जुन्या भिंतीवर नवा गिलावा धरावा म्हणून गवंडी आधी जुन्या पृष्ठाला टाचे मारतो, जागोजाग खड्डे करतो. 1200 च्या सुमारास सिस्टरांनी देवळ्यांचा खालचा भाग नव्यानं रंगवून घेतला. आधीची चित्रं चारशे वर्षांची झाली होती, काळवंडली असतील, आणि जुन्या पद्धतीची वाटत असतील. आपण आजीच्या पितळी समया मोडीत घालून स्टीलची आणली तसंच. नवी चित्रं ठसठशीत आहेत. मधल्या देवळीत हेरोद राजाची मेजवानी आहे. लांब टेबल, पंगत बसलेली, एक मुलगी नाचते आहे, आणि तिच्या नाचाची बिदागी म्हणून योहानाचं मुंडकं. शुभवर्तमानात या मुलीला नाव नाही. ती फक्त हेरोदियाची मुलगी आहे. सालोमे हे नाव दुसरीकडून येऊन तिला चिकटलं. इथेही नाव नंतर आलं. थिओडल्फ हसला असता.

मग आली आंगेलिना प्लांटा. 1478 पासून तीस वर्षं ती मठाची प्रमुख होती, आणि जुन्या बांधकामावर सगळ्यांत खोल हात हिचाच पडला. 1499 मध्ये जवळच्या काल्वेन घळीत मोठी लढाई झाली, मठ लुटला गेला, तेव्हा तिनं सावरून घेतला. अंगणातला 10व्या शतकाचा जाडजूड बुरूज आजही तिच्याच नावानं ओळखतात. त्या लढाईच्या आधी, 1488 ते 1492 मध्ये, तिनं चर्चची लाकडी तक्तपोशी झाकून खाली दगडी कमानींचं नवं छत घातलं. एकसंध खोलीत गोल खांब उभे राहिले, त्यांच्या डोक्यावरून बरगड्यांसारख्या शिरा जाळीत पसरल्या. सुंदर आहे. मान वर करून मी बराच वेळ पाहिलं, आणि मग हिशेब ध्यानात आला. नवं छत जुन्यापेक्षा खाली आहे. म्हणजे भिंतींचा वरचा पट्टा छताच्या वर राहिला. दावीद, अबशालोम, रडणारा बाप, सगळे माळ्यावर गेले.

चारशे वर्षं ते तिथे होते. खाली सिस्टर दिवसातून ठरल्या वेळी येऊन स्तोत्रं म्हणत, ज्यांतली निम्मी परंपरेनं दावीदाचीच मानतात. वर, लाकडी छपराच्या अंधारात, तोच दावीद उंदरांच्या सोबतीनं बसलेला. खालच्या भिंतींवरही पुढे चुना चढला. दोन वेगळ्या मजल्यांवर एकच माणूस, एक म्हटला जाणारा आणि एक न पाहिला जाणारा. या चारशे वर्षांत मठाच्या प्रार्थनेत काही कमी पडलं का? मी आयुष्यभर ज्या वाक्यावर पगार घेतला ते खरं असेल तर पडायला हवं होतं.

1894 मध्ये योझेफ झेम्प आणि रोबेर्ट डुरर हे दोन तरुण अभ्यासक माळ्यावर चढले आणि त्यांना ती रांग दिसली. तो क्षण मी कितीदा तरी मनात रचून पाहिला आहे: धूळ, कंदील, आणि त्या उजेडात कुणाची तरी वळलेली मान. मलाही असा क्षण दोन-तीनदा लाभला आहे, आणि त्या वेळी होणारा आनंद निर्मळ नसतो हे मी सांगू शकते. त्यात एक मालकी असते. 'मला सापडलं.'

1908-09 मध्ये माळ्यावरची चित्रं भिंतीवरून उतरवून झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात नेली. चित्र भिंतीवरून उतरवण्याची एक जुनी रीत अशी आहे: चित्रावर गरम सरसाचं कापड चिकटवायचं, वाळू द्यायचं. सरस आकसतो आणि रंगाचा पापुद्रा आपल्याकडे ओढतो. मग एका कोपऱ्यातून सावकाश कापड सोलत यायचं. चरचर असा आवाज येतो, जखमेवरची पट्टी निघावी तसा. कापडाच्या मागे चित्र उलटं येतं. नव्या पाठीवर ते बसवायचं आणि कोमट पाण्यानं सरस धुवायचा. मी हे एकदाच केलं आहे, धरणाखाली जाणाऱ्या गावात. दुसरा इलाज नव्हता. तरी त्या रात्री जेवण गेलं नाही. भिंतीवर नंतर फिकट सावली उरते, देव्हारा हलवल्यावर भिंतीवर उरते तशी.

खालच्या चित्रांवरचा चुना 1947 ते 51 मध्ये उतरवला गेला, आणि 1983 मध्ये म्युष्टायर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे देवळ्यांमध्ये जी अडचण आली ती आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी अडचण आहे. 1200 च्या चित्राखाली 800 चं चित्र. दोन्ही एकाच वेळी दिसू शकत नाहीत. म्युष्टायरमध्ये काही ठिकाणी वरचं ठेवलं, काही ठिकाणी वरचं काढून खालचं उघडं केलं, त्यामुळे आज एकाच देवळीत दोन शतकं शेजारी नांदताना दिसतात. जाणकारांना हा समतोल वाटतो. मला तो पंचायतीत दोन भावांना वाटून दिलेल्या जमिनीसारखा दिसला. वाटणी बरोबर आहे, पण जमीन तोडलेली आहेच.

इथे माझी गोष्ट सांगायला हवी.

सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यात आम्ही काम करत होतो. दिवाणखान्याच्या भिंतीवर, सफेदीच्या चार थरांखाली, पेशवाईच्या अखेरीची चित्रं होती, हे कडेच्या पोपड्यावरून कळलं होतं. सफेदीच्या वर, सगळ्यांत शेवटी, कुणीतरी तैलरंगात विठोबा काढला होता. हार्डवेअरच्या दुकानातला दारं रंगवायचा काळा रंग, पाय एकमेकांपेक्षा लहान-मोठे, विटेच्या जागी नुसता चौकोन. फोटो काढला, नोंद केली, आणि दोन दिवसांत स्काल्पेलनं तो विठोबा खरवडून टाकला. खाली गजलक्ष्मी निघाली. सोंडेच्या टोकावर पाण्याचे सात थेंब, प्रत्येक थेंबाला पांढरी कड. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत चांगलं काम आहे.

तिसऱ्या दिवशी घरातल्या आजी पंढरपुराहून परत आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. लक्ष्मी त्यांना दिसलीच नाही. "इठोबा कुठं गेला माजा?" मी समजावून सांगितलं. हे जुनं आहे, दोनशे वर्षांचं, फार मोलाचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ह्यांनी काढला हुता. पाय मोडून घरात हुते तवा."

माझ्याकडे फोटो होता. मी तो मोठा करून, चौकटीत बसवून त्यांना पाठवला. किती चांगली सोय केली असं तेव्हा मला वाटलं होतं, हे आता लिहिताना लाज वाटते.

2022 मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड लेप उतरवला आणि आतून रेखीव मूर्ती निघाली, तेव्हा सगळीकडून मला फोन आले: किती छान ना? होतीच छान. मी म्हटलं, हो. पण मला शेंदूर चढवणारी बोटं आठवत होती. पिढ्यान् पिढ्यांची. ती बोटं मूर्ती झाकत नव्हती. ती त्यांच्या लेखी तिला नेसवत होती. आम्ही ज्याला थर म्हणतो त्याला तिथे पूजा म्हणतात. थर उतरवून मूळ पाहण्याची ओढ, हीही एक भक्तीच आहे, फक्त तिचा देव वेगळा: त्याचं नाव 'मूळ', आणि त्याचं देऊळ संग्रहालय. मी त्या देवाची पुजारीण होते. पुजाऱ्यानं दुसऱ्याच्या देवाला अंधश्रद्धा म्हणू नये, एवढंच.

संध्याकाळी चर्च पर्यटकांसाठी बंद व्हायच्या आधी सिस्टर प्रार्थनेला जमल्या. मी मागच्या बाकावर बसून राहिले, कुणी उठवलं नाही. त्या सहाजणी असाव्यात. एकीचा आवाज बाकीच्यांपेक्षा अर्ध्या सुरानं खाली होता आणि शेवटपर्यंत खालीच राहिला. एक बाजू एक ओळ म्हणायची, मध्ये श्वासाएवढी शांतता, दुसरी बाजू पुढची. आमच्याकडे हरिपाठ म्हणताना टाळ थांबतात तेव्हा असते तेवढीच शांतता. एकीनंही भिंतीकडे पाहिलं नाही. सकाळी फुलांची बादली घेऊन आलेल्या सिस्टर तेवढ्या म्हणताना डोळे मिटून होत्या. बाराशे वर्षांची चित्रं, जागतिक वारसा, आणि त्या डोळे मिटून. आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, भिंत त्यांच्या पाठीशी आहे, समोर नाही. पाठ टेकायची असते तिच्याकडे कोण वळून बघतं?

थिओडल्फला हे आवडलं असतं का? कदाचित नाही. त्याला चित्र आठवण म्हणून हवं होतं, आणि आठवण पाहिल्याशिवाय होत नाही. निकायाच्या लोकांना आवडलं असतं का? त्यांना चित्राला वाकून मान द्यायचा होता. या वाकतही नव्हत्या. दोन्ही पक्षांनी हे गृहीत धरलेलं दिसतं की चित्रापुढे माणूस उभा असतो. वरच्या ओळीत दावीद काढणाऱ्यानं ते गृहीत धरलेलं नव्हतं. तो एवढ्या उंचीवर, मचाणावर चढून, कुणाला दिसणार नाही असं रडणं रंगवत होता. कुणासाठी, याचं उत्तर त्याच्यापाशी असेल. मला ते ठाऊक नाही, पण तो मूर्ख नव्हता एवढं हातावरून कळतं.

झुरिकला परतल्यावर मी संग्रहालयात गेले, ते रेल्वे स्टेशनला लागूनच आहे. नातीला बरोबर नेलं, सात वर्षांची. माळ्यावरून उतरवलेली चित्रं आता डोळ्यांच्या उंचीवर आहेत, योग्य उजेडात, योग्य आर्द्रतेत. निगा उत्तम; मी दोष काढायला गेले होते आणि एकही सापडला नाही. नातीनं आधी पाटी वाचली, मग चित्राकडे बघितलं, मग पुढे गेली. मी तिथे बराच वेळ उभी होते, हात पाठीशी बांधून.

त्या वाड्यात मी चार वर्षांनी पुन्हा गेले होते, तपासणीसाठी. आजी गेल्या होत्या. गजलक्ष्मी ठणठणीत होती, रंगाला कुठे धक्का नव्हता, फक्त डाव्या हत्तीच्या कपाळात मधोमध एक खिळा ठोकलेला होता, चांगला दोन इंची. त्याला बँकेच्या कॅलेंडरवरचा विठोबा टांगला होता, कॅलेंडर तीन वर्षांपूर्वीचं. मी पाठवलेली चौकट कुठे दिसली नाही. सून म्हणाली, "मामींनी मारून घेतला हुता. काढू का?" मी बोटानं खिळ्याभोवती वाजवून पाहिलं. गिलावा घट्ट होता. अहवालात मी खिळ्याचं लिहिलं नाही.